दर एकच, रेंज वेगळी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मोबाइल सेवेचा दर आणि तिचा दर्जा यांविषयी मराठवाड्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रांत ज्या कंपन्यांविषयी तक्रारी आहेत त्यांची नावे छापलेली नाहीत, कारण कंपनी बदलली तरी तक्रार फारशी बदलत नाही, असे पत्रे वाचताना दिसून आले.

प्रश्न : जिंतूरजवळच्या गावात माझे किराणा दुकान आहे. पुण्यात नोकरी करणारा माझा मुलगा आणि मी एकाच कंपनीचा, एकाच रकमेचा रिचार्ज करतो. त्याच्या फोनवर व्हिडिओ अडखळत नाहीत. माझ्याकडे मात्र संध्याकाळच्या वेळी गिऱ्हाइकाने क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पैसे जमा झाले की नाही हे कळायलाच कितीतरी वेळ जातो आणि गिऱ्हाईक ताटकळत उभे राहते. फोनवर काड्या तर पूर्ण दिसतात. पैसे सारखे घेता, मग सेवा सारखी का नाही?
— एक दुकानदार, जि. परभणी

उत्तर : आपल्या फोनवरच्या काड्या टॉवरकडून येणाऱ्या लहरींचा जोर दाखवतात; त्या टॉवरवर त्या घटकेला किती फोनांची गर्दी आहे, हे त्या दाखवत नाहीत. एका टॉवरच्या वाट्याला आलेल्या लहरींची क्षमता ठरलेली असते आणि त्याच्या आवाक्यातील सर्व फोन ती वाटून घेतात. संध्याकाळी शेतातून, शाळेतून आणि बाजारातून परतलेले सगळे गाव एकाच वेळी फोन हाती घेते, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला येणारा भाग लहान होतो. त्यातच तो टॉवर पुढच्या जाळ्याशी ऑप्टिकल फायबरने जोडलेला नसून सूक्ष्मलहरींच्या (मायक्रोवेव्ह) बिनतारी दुव्याने जोडलेला असेल, तर त्या दुव्याची क्षमता आणखी आधी संपते, आणि टॉवर अगदी जवळ असूनही पैसे अडकून पडतात.

आता दराकडे येऊ. दर्जा आणि खर्च यांचे नाते सव्वाशे वर्षांपूर्वीच्या टेलिफोनइतकेच जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम केलेले डॅनिश गणितज्ञ आग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांतून हे नाते सूत्रात मांडले, आणि दूरसंचारातील वर्दळ मोजण्याच्या एककाला आजही त्यांचेच नाव आहे. शंभर कॉलपैकी फार तर दोन कॉलना जागा मिळू नये असा दर्जा ठरवला, तर दहा वाहिन्यांवर, म्हणजे एका वेळी एकेकच संभाषण नेणाऱ्या दहा मार्गांवर, एका वेळी सरासरी पाचच संभाषणे चालू ठेवता येतात. पन्नास वाहिन्या असतील तर त्याच दर्जाने सरासरी चाळीस संभाषणे चालतात. म्हणजे लहान गावातील छोट्या टॉवरची प्रत्येक वाहिनी निम्मीच वापरता येते, तर शहरातील मोठ्या टॉवरची वाहिनी चार पंचमांश वापरात राहते. दर्जा तोच ठेवायचा म्हटले तरी गावातील एका संभाषणाचा खर्च शहरातील खर्चाच्या दीडपटीहून अधिक होतो. हे गणित जुन्या आवाजी टेलिफोनचे आहे, पण जिथे गिऱ्हाईक थोडे तिथे क्षमता अधिक राखून ठेवावी लागते हा त्याचा गाभा आजच्या डेटालाही लागू पडतो. शिवाय वीज गेली की लागणारे डिझेल आणि तालुक्याहून आणावी लागणारी केबल यांचा खर्च वेगळाच.

खर्च असा जागेप्रमाणे बदलत असताना दर मात्र जागेप्रमाणे बदलत नाही. परवान्यांसाठी देशाची २२ परिमंडळे केलेली आहेत. त्यांपैकी महाराष्ट्र परिमंडळात मुंबई महानगराचा भाग सोडून सारा महाराष्ट्र आणि गोवा येतो, आणि एका परिमंडळातील ग्राहकांना कंपनी सर्वसाधारणपणे एकच दरपत्रक लावते. त्यामुळे जिंतूर, पुणे आणि पणजी एकाच दरात बसतात. गावाकडून जास्त पैसे घेतले जात नाहीत, ही या पद्धतीची चांगली बाजू आहे आणि ती टिकली पाहिजे. परंतु जिथे दर हलू शकत नाही तिथे दर्जा हलतो : कंपनी आपला तोटा टॉवरची क्षमता वेळेवर न वाढवून भरून काढते, आणि त्याची झळ आपल्या गल्ल्यावर बसते. आपण भरलेली रक्कम मुलाएवढीच असली, तरी त्या रकमेत आपल्याला मिळालेली वस्तू कमी आहे, हे आपले म्हणणे मला पूर्णपणे रास्त वाटते.

एक व्यावहारिक गोष्ट तपासून पाहा. पैसे जमा झाल्याचे बोलून सांगणाऱ्या यंत्रात बहुधा स्वतःचे वेगळे सिम असते, आणि ते आपल्या फोनच्या कंपनीचेच असेल असे नाही. संध्याकाळी फोनवर संदेश लगेच येत असेल आणि यंत्रच मागे राहत असेल, तर यंत्र देणाऱ्या बँकेकडे किंवा कंपनीकडे गावात चांगले चालणाऱ्या नेटवर्कचे सिम मागा.

प्रश्न : जुलै २०२४ मध्ये सगळ्याच खासगी कंपन्यांनी रिचार्ज महाग केले. दर वाढले म्हणजे नेटवर्क सुधारेल, असे तेव्हा ऐकले होते. आमच्या गावात ई-पीक पाहणीचा फोटो अजूनही बांधावरून चढत नाही, डोंगरावर जावे लागते. सरकारने दर बांधून का देऊ नयेत?
— एक शेतकरी, ता. भूम, जि. धाराशिव

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत. दरवाढीने सेवा सुधारते का, हा एक; आणि सरकारने दर ठरवावेत का, हा दुसरा. आधी दुसरा घेतो.

भारतात मोबाइल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाली, तेव्हा केलेल्या कॉलला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. १९९७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, दर ठरवण्याचा अधिकार आहे. परंतु स्पर्धा वाढत गेली तसे ट्रायने मोबाइलच्या बहुतेक दरांबाबत तो अधिकार न वापरण्याचे धोरण स्वीकारले. कंपनी दर ठरवते आणि तो ट्रायला कळवते. हे धोरण फार काळ ग्राहकाच्या फायद्याचे ठरले. २००३ पासून येणारे कॉल मोफत झाले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आल्यावर डेटाचा दर कोसळला. त्यापूर्वी एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजणारा ग्राहक थोड्याच वर्षांत दहा-बारा रुपयांवर आला. मात्र या चढाओढीत अनेक कंपन्या बंद पडल्या किंवा दुसऱ्या कंपन्यांत विलीन झाल्या, आणि आज तीन खासगी कंपन्या व बीएसएनएल एवढेच उरले आहेत. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर-डिसेंबर २०२१ आणि जुलै २०२४ या तिन्ही वेळी खासगी कंपन्यांचे दर पाठोपाठ वाढले. जिओचा रोज दीड जीबी देणारा २८ दिवसांचा रिचार्ज २०२४ च्या वाढीत २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. स्पर्धेच्या भरवशावर दर मोकळे सोडले होते. ती स्पर्धा आता तितकी उरलेली नाही, ही आपली शंका खरी आहे.

तरीही केवळ दर बांधून द्यावेत या मताचा मी नाही, आणि त्याचे कारण परभणीच्या दुकानदारांना दिलेल्या उत्तरात आहे. दर वरून दाबला आणि दर्जा मोकळा सोडला, तर कंपनी दर्जा खाली नेईल, आणि तो सर्वांत आधी भूमसारख्या तालुक्यात खाली जाईल. सरकारने जोर लावायचा तो दर्जावर लावावा, आणि दर्जा तालुक्याच्या, गावाच्या पातळीवर मोजावा. बाजारात दोनच खेळाडू उरण्याची वेळ आली, तर मात्र ट्रायने दरांतही हात घालावा. कायद्याने त्याला तो अधिकार दिलेलाच आहे.

दरवाढीने सेवा आपोआप सुधारते, हे म्हणणे मला पटत नाही. वाढीव पैसा रेडिओलहरींच्या (स्पेक्ट्रम) लिलावांची देणी, जुनी सरकारी थकबाकी आणि ५जी यांकडे जातो, आणि नव्या टॉवरसाठी जो उरतो तो परतावा लवकर देणाऱ्या ठिकाणी, म्हणजे शहरात आणि महामार्गालगत, आधी जातो. उलट बाजूही तितकीच खरी आहे : नुसता स्वस्त दर ग्राहकाला बांधून ठेवू शकत नाही. जुलै २०२४ च्या वाढीत बीएसएनएलने आपले दर वाढवले नाहीत, तेव्हा पुढचे काही महिने लाखो ग्राहक तिकडे वळले. नोव्हेंबरपासून तिची ग्राहकसंख्या पुन्हा घटू लागल्याचे ट्रायच्या आकडेवारीत दिसले. लोकांना स्वस्त दर हवा होता, पण त्या वेळी बीएसएनएलचे ४जी जाळे अनेक भागांत उभेच नव्हते. गरीब ग्राहक दर्जा मागत नाही, असे मानणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

मग गावात टॉवर कोणी उभारायचा? त्यासाठी आपण सगळे पैसे भरतच आहोत. २९९ रुपयांच्या रिचार्जमध्ये १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. तो वजा जाता कंपनीकडे सुमारे २५३ रुपये राहतात. या महसुलावर कंपनीला ८ टक्के परवाना शुल्क भरावे लागते आणि त्यातील महसुलाच्या ५ टक्क्यांएवढा भाग ग्रामीण व दुर्गम भागांतील सेवेसाठीच्या निधीत जमा होतो. पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. ढोबळ हिशेबाने प्रत्येक रिचार्जमागे बारा-तेरा रुपये, आणि २८ दिवसांचा रिचार्ज वर्षातून तेरा वेळा करावा लागत असल्यामुळे वर्षाला दीडशेहून अधिक रुपये एका फोनमागे या निधीत जातात. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील नेटवर्क न पोहोचलेल्या २४,६८० गावांत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती याच निधीतून आहे आणि काम बीएसएनएलकडे आहे. बालाघाटच्या डोंगररांगेतील वाड्यावस्त्या अशा याद्यांत अनेकदा सुटतात, कारण मूळ गावात रेंज असली की वस्तीही 'सेवेत' धरली जाते. आपल्या ग्रामसभेत ठराव करून, ज्या शिवारात आणि वस्तीत नेटवर्क मिळत नाही त्यांची नावे जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत दूरसंचार विभागाकडे पाठवावीत. ती मागणी अनुदानाची ठरत नाही, कारण तो पैसा आपणच भरलेला आहे.

प्रश्न : मी लातूरला नीटची तयारी करतो. संध्याकाळी सात-आठला ऑनलाइन सराव परीक्षा असते आणि नेमके तेव्हाच नेट गोल फिरत राहते. शंभर रुपये जास्त घ्या, पण आमचे नेट आधी चालू द्या, अशी योजना कंपन्या का काढत नाहीत?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : काढली होती. २०२० मध्ये दोन खासगी कंपन्यांनी महाग पोस्टपेड योजना घेणाऱ्यांना अधिक वेगवान सेवा देण्याची जाहिरात केली, तेव्हा ट्रायने जुलैमध्ये त्या योजना थांबवण्यास सांगितले आणि प्रकरण दूरसंचार तंटा निवारण न्यायाधिकरणापर्यंत गेले. ट्रायचा आक्षेप असा होता की, काहींना अग्रक्रम दिला तर इतरांची सेवा त्याच प्रमाणात घसरेल की काय, हे कंपनीने दाखवून दिलेले नाही.

हा आक्षेप मला बरोबर वाटतो. भरलेल्या टॉवरवर अग्रक्रम विकल्याने नवी क्षमता निर्माण होत नाही, ती एकाकडून काढून दुसऱ्याला दिली जाते. आपल्याच वसतिगृहातील ज्या मुलाला शंभर रुपये परवडत नाहीत, त्याची परीक्षा आणखी अडखळेल. इतकेच नाही, तर साधी सेवा जितकी रडतखडत चालेल तितकी महाग सेवा अधिक खपेल, त्यामुळे साधी सेवा सुधारण्याची कंपनीची गरजच संपेल. गणितज्ञ अँड्र्यू ओडलिझ्को यांनी १९९९ मध्ये इंटरनेटसाठी पॅरिसच्या भुयारी रेल्वेचा दाखला दिला होता. तिथे १९९१ पर्यंत पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे डबे होते. महाग तिकिटाच्या डब्यात गर्दी कमी, एवढाच त्या वर्गाचा मुख्य फायदा होता. त्यांचे म्हणणे होते की, जाळ्याचेही असेच भाग पाडून वेगवेगळे दर लावले, तर दर्जाची हमी न देताही दर्जा आपोआप वेगळा होईल. कल्पना साधी आणि सुंदर आहे, परंतु ती चालायला डबे पुरेसे असावे लागतात. जिथे एकच डबा आहे आणि तोही भरलेला आहे, तिथे त्यात आडवी दोरी बांधून अर्धा डबा श्रीमंतांना देणे एवढेच तिचे रूप उरते.

गर्दी कमी करण्याचा याहून न्याय्य मार्ग वेळेनुसार दर हा आहे, आणि आपल्या आईवडिलांना तो चांगला ठाऊक असेल. एसटीडीच्या काळात रात्री उशिरा दर पाव होत असे, म्हणून पिवळ्या पाटीच्या बूथवर रात्री रांगा लागत. दिवसा तार मोकळी राही आणि कमी पैशांत बोलायचे असेल तो रात्रीची वाट पाही. आजही काही योजनांत मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत वापरलेला डेटा मोजला जात नाही. व्याख्यानांचे व्हिडिओ आणि मोठ्या फाइल त्या वेळेत उतरवून ठेवल्या, तर संध्याकाळची गर्दी तेवढी हलकी होईल. पण या सवलतीची जाहिरात चित्रपट पाहण्यासाठी होते, विद्यार्थ्यांसाठी होत नाही, याचे वाईट वाटते.

आपल्यापुरता उपाय सांगायचा तर परीक्षेसाठी मोबाइलच्या डेटावर विसंबू नका. ज्या खोलीत किंवा वसतिगृहात आपण राहता तिथे चार-पाच जणांनी मिळून फायबरची जोडणी घ्यावी. एका टॉवरवरील हजारो फोनांपेक्षा एका तारेवर पाच जण केव्हाही बरे. दूरसंचार विभागाच्या व्याख्येप्रमाणे जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेग मिळाला तरच त्याला ब्रॉडबँड म्हणता येते. सराव परीक्षेला तेवढा वेग सहसा पुरतो, फक्त तो मध्येच तुटता कामा नये.

प्रश्न : आमच्या घरातील माणसे सहा महिने ऊसतोडीला बाहेरगावी असतात. बटणांच्या फोनवर फक्त बोलायचे असते, नेट कोणालाच लागत नाही. तरी २८ दिवस झाले की डेटाचाच रिचार्ज गळ्यात पडतो. स्वस्तात फोन चालू ठेवण्याचा मार्ग आहे का?
— एक भगिनी, ता. पाटोदा, जि. बीड

उत्तर : आहे, आणि तो दुकानदार आपण होऊन सांगत नाही, म्हणून नाव घेऊन मागा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलून प्रत्येक कंपनीला फक्त कॉल आणि एसएमएस असलेला किमान एक रिचार्ज ठेवणे बंधनकारक केले, आणि अशा रिचार्जची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. त्याप्रमाणे जानेवारी २०२५ पासून ८४ दिवसांचे आणि जवळजवळ वर्षभराचे डेटाविरहित रिचार्ज बाजारात आले आहेत. उचल मिळते त्या वेळी लांब मुदतीचा एक रिचार्ज केला, तर हंगामभर त्याची काळजी राहणार नाही. २०२२ पासून ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्याने करता येणारा रिचार्ज ठेवणेही कंपन्यांवर बंधनकारक आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रीपेड क्रमांक ९० दिवस अजिबात वापरला गेला नाही, तरच तो बंद करता येतो, आणि त्या वेळी खात्यात किमान २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून क्रमांक पुढे चालू ठेवावा लागतो. बँक आणि आधार ज्या क्रमांकाला जोडलेले आहेत त्या क्रमांकावर एवढी शिल्लक नेहमी असू द्या. हे नियम खरोखर चांगले आहेत. ते ज्यांच्यासाठी केले त्यांच्यापर्यंत मात्र पोहोचलेले नाहीत. आशा कार्यकर्त्या आणि बचत गट यांच्या बैठकीत ही माहिती सांगितली गेली, तर फार मोठे काम होईल.

प्रश्न : रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली आणि आमच्या भागातील सात-आठ गावांचे नेटवर्क दोन दिवस बंद होते. शाळेची ऑनलाइन माहिती भरता आली नाही, रुग्णवाहिकेला फोन लागला नाही. कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राने 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' एवढेच सांगितले. आम्हाला भरपाई मिळते का?
— एक शिक्षिका, ता. किनवट, जि. नांदेड

उत्तर : नियमात भरपाई आहे, पण आपल्या प्रसंगात ती मिळणे अवघड आहे, आणि ते का, हे नीट समजून घेण्यासारखे आहे.

ट्रायने २ ऑगस्ट २०२४ रोजी सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले आणि ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. एखाद्या जिल्ह्याची सेवा चार तासांहून अधिक काळ बंद पडली, तर कंपनीने ट्रायला २४ तासांच्या आत कळवायचे असते. ती २४ तासांहून अधिक काळ बंद राहिली, तर त्या जिल्ह्यातील पोस्टपेड ग्राहकांना भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकांना मुदतवाढ द्यायची असते. एका दिवसात बारा तासांहून अधिक सेवा बंद असेल, तर तो पूर्ण दिवस धरतात. नैसर्गिक आपत्ती यातून वगळली आहे. तारेच्या जोडणीतील बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर तिथेही सूट मिळते.

अडचण 'जिल्हा' या शब्दात आहे. किनवट आणि माहूरच्या जंगलपट्ट्यातील सात-आठ गावे बंद पडली म्हणून नांदेड जिल्हा बंद पडला असे होत नाही. संपूर्ण जिल्ह्याची सेवा बंद पडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. गावांचा गट बंद पडण्याचा प्रसंग मात्र पावसाळ्यात आणि रस्तेबांधणीच्या काळात वरचेवर येतो. भरपाईचे एकक तालुका किंवा टॉवर असले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. टॉवर किती तास बंद होता, याची नोंद कंपनीच्या यंत्रणेत आपोआप होत असते, त्यामुळे हे अशक्यही नाही.

दंड आणि भरपाई यांतील फरकही पाहा. दर्जाचे निकष न पाळणाऱ्या कंपनीला नव्या नियमांप्रमाणे एक लाखापासून दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारजमा होतो. ग्राहकाच्या हातात थेट पैसे देण्याचा प्रयत्न ट्रायने २०१५ मध्ये केला होता : कॉल मध्येच तुटला तर एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी तो नियम रद्द केला. दोन टक्क्यांपर्यंत कॉल तुटणे ट्रायच्याच निकषात बसत असताना ती मर्यादा पाळणाऱ्या कंपनीलाही पैसे मोजायला लावणे मनमानी आहे, असा त्यामागील महत्त्वाचा मुद्दा होता. तो निकाल पाहता पुढचा नियम अधिक काळजीपूर्वक लिहावा लागेल, हे खरे. पण म्हणून तो लिहूच नये असे नाही. नव्या नियमांत एक मोठी सुधारणा झाली आहे : १ एप्रिल २०२५ पासून मोबाइल सेवेचा दर्जा तिमाहीऐवजी दरमहा तपासला जातो, आणि साऱ्या परिमंडळाच्या सरासरीवर न थांबता एकेका सेलच्या, म्हणजे टॉवरच्या आवाक्यातील एकेका भागाच्या, कामगिरीपर्यंत जाण्याची दिशा घेतली आहे. जोवर पुणे, नागपूर आणि किनवट यांची मिळून एकच सरासरी काढली जात होती, तोवर किनवटची रेंज कागदावर कधी बिघडतच नव्हती.

आता आपण काय करावे? कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक अवश्य घ्या. सगळ्या गावांतून स्वतंत्र तक्रारी गेल्या तर उत्तम. उत्तर समाधानकारक नसेल, तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे विनामूल्य अपील करता येते. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, हे ठाऊक नसल्यामुळे अनेकांचा वेळ तिथे वाया जातो. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा मोकळा आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात निःसंदिग्धपणे सांगितले आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. बंद पडल्याची वेळ, परत सुरू झाल्याची वेळ, आणि रुग्णवाहिकेला लावलेल्या कॉलची फोनमधील नोंद जपून ठेवा.

प्रश्न : कंपनी बदलायची आहे. देगलूर भागात कोणती घ्यावी?
— एक वाचक, जि. नांदेड

उत्तर : कंपनीचे नाव मी सांगणार नाही, कारण देगलूरच्या बाजारपेठेत जी चांगली चालते तीच आपल्या गावात चालेल असे नाही, आणि तेलंगण-कर्नाटकच्या सीमेलगत फोन पलीकडच्या परिमंडळाचा टॉवरही पकडतो. नव्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीने आपल्या संकेतस्थळावर २जी, ४जी आणि ५जी सेवा कुठे मिळते याचा नकाशा ठेवायचा असतो. तो आधी पाहा. पण नकाशा रेंज दाखवतो, गर्दी दाखवत नाही. म्हणून शेजाऱ्याचे सिम संध्याकाळी आठच्या सुमारास, घरात आणि शेतात, दोन्हीकडे वापरून पाहा.

निर्णय झाल्यावर इंग्रजीत 'पोर्ट' हा शब्द, मग मोकळी जागा आणि आपला क्रमांक असा संदेश १९०० वर पाठवा. सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस झालेले असावेत, पोस्टपेडचे बिल थकलेले नसावे, आणि गेल्या सात दिवसांत सिम बदलून घेतलेले नसावे. त्याच्या उत्तरात मिळालेला कोड चार दिवस चालतो आणि परिमंडळाच्या आत बदल तीन कामकाजाच्या दिवसांत होतो. जुन्या खात्यातील शिल्लक आणि उरलेली मुदत नव्या कंपनीकडे जात नाही, तेव्हा रिचार्ज संपत आला असतानाच हा संदेश पाठवा.